डॉलर कशाचा?

१९७१ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. मला क्लीव्हलँडला येऊन दीड वर्ष झाले होते. येताना रिझर्व्ह बँकेच्या कृपेने खिशात आठ डॉलर होते. त्या काळात आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांची हीच कथा असल्यामुळे तिचे कौतुक सांगत बसत नाही. नोकरी लागली, जुन्या गाडीचे हप्ते फिटले आणि मग पहिल्यांदाच पन्नास डॉलरचा ड्राफ्ट अण्णांना पाठवला. साडेसातच्या भावाने त्याचे तीनशे पंचाहत्तर रुपये होत होते. अण्णा सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलातून संस्कृत आणि इतिहासाचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची महिन्याची पेन्शन त्या रकमेच्या जवळपासही नव्हती. आता पत्रात अण्णा काहीतरी कौतुकाचे लिहितील, अशी माझी समजूत. तीन आठवड्यांनी निळे एरोग्राम आले :

"चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद. ड्राफ्ट पोचला, बँकेत भरला. एक शंका आहे. रुपया हा रुप्याचा. होन सोन्याचा, कारण कानडीत सोन्याला होन्नु म्हणतात. पावली पावाची, अधेली अर्ध्याची. तर तुमचा डॉलर कशाचा? सवडीने कळवावे."

मी उत्तर पाठवले की डॉलर म्हणजे अमेरिकेतला रुपया. त्यावर उलट टपाली एकच ओळ आली : "एवढे मला ठाऊक होते."

वाचकहो, आपण दिवसातून वीस वेळा हा शब्द उच्चारतो. नव्याने आलो तेव्हा तर आपल्या डोक्यात चोवीस तास गुणाकाराचे यंत्र चालू असे. पंधरा सेंटची कॉफी म्हणजे रुपयाच्या वर झाले की, म्हणून पेला खाली ठेवणारे महाभाग माझ्या ओळखीत होते, आणि त्यांतला एक मीच. पण ज्याला आपण साडेसाताने गुणत होतो त्याचे नाव कुठून आले, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. तो तिकडे साताऱ्याजवळ एका निवृत्त मास्तरांना पडला. अण्णांचा तो एका ओळीचा टोमणा लागला आणि मी पुढच्या शनिवारी गावातल्या ग्रंथालयात जाऊन बसलो. तिथे मिळाले ते आणि पुढच्या वर्षांत वाचत गेलो ते, असे सगळे मिळून हे टिपण आहे.

डॉलरचा जन्म अमेरिकेतला नव्हे. तो आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या आणि जर्मनीच्या सीमेवरच्या डोंगरांतला. त्या डोंगरांना दोन्हीकडचे लोक 'खनिजांचे डोंगर' अशाच अर्थाच्या नावांनी ओळखतात. सोळाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या एका अरुंद दरीत चांदीची शीर सापडली. जमीन श्लिक नावाच्या सरदार घराण्याची. काउंट स्टीफन श्लिक याने १५१६ मध्ये तिथे गाव वसवले आणि त्याला येशूचे आजोबा संत योआखिम यांचे नाव दिले. टाल म्हणजे दरी, म्हणून गाव झाले योआखिम्सटाल, योआखिमची दरी. जर्मनमधला हा टाल आणि इंग्रजीतला डेल हे सख्खे भाऊ. जर्मनमध्ये जिथे ट असतो तिथे इंग्रजीत पुष्कळदा ड येतो. आपल्या 'द्वार'ला इंग्रजीत डोअर आणि जर्मनमध्ये ट्यूर म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

चांदी इतकी निघाली की श्लिक घराण्याने स्वतःची नाणी पाडायला सुरुवात केली आणि १५२० च्या जानेवारीत बोहेमियाच्या सभेने त्याला रीतसर मान्यता दिली. नाणे मोठे, वजनदार. एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा सिंह. एवढे मोठे चांदीचे नाणे आधी कधी झालेच नव्हते असे नाही. टिरोलमध्ये १४८६ मध्येच तसे पाडले गेले होते. पण योआखिम्सटालची चांदी विपुल होती, त्यामुळे तिथली नाणी लाखांनी बाहेर पडली आणि जत्रांजत्रांतून, बाजारपेठांतून युरोपभर गेली.

आता नावाची गंमत पाहा. जर्मनमध्ये गावाच्या नावाला 'अर' लावला की 'त्या गावचा' असा अर्थ होतो. लंडनर, न्यूयॉर्कर हे आपल्या कानावरचे शब्द तसेच झालेले आहेत. मराठीत हेच काम 'कर' करतो. तेव्हा योआखिम्सटालर म्हणजे योआखिम्सटालकर! एवढे लांबलचक आडनाव बाजाराच्या घाईत कोण उच्चारणार? पुढचा संत गळाला आणि मागचा 'टालर' तेवढा उरला, म्हणजे 'दरीतला'. आमच्या साताऱ्याकडे दरे नावाची गावे आहेत आणि दरेकर हे आडनाव आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. म्हणजे शब्दाला शब्द ठेवायचा झाला तर डॉलर म्हणजे दरेकर.

मी हे अण्णांना कळवले. त्यांचे उत्तर आले, "म्हणजे तुझा डॉलर आपल्याकडचाच निघाला. पण दरीचा म्हणजे गावाचे नाव झाले. कशाचा, ते राहिले."

तर पुढे चला. टालर उत्तरेकडे सरकला तसा डच आणि स्कँडिनेव्हियन तोंडात त्याचा 'डालर' झाला आणि सोळाव्या शतकाच्या मध्याला तो इंग्रजीत शिरला. शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये नॉर्वेच्या पराभूत राजाला आपले मृत सैनिक पुरण्याची परवानगी मिळवण्यासाठी दहा हजार डॉलर मोजावे लागतात. मॅकबेथ अकराव्या शतकातला, म्हणजे डॉलर जन्मण्याच्या पाच शतके आधीचा. पण नाटककाराला एवढी मुभा द्यायला हवी. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की हे नाटक लिहिले गेले तेव्हा अमेरिका नावाच्या राष्ट्राला अजून पावणेदोनशे वर्षे अवकाश होता आणि लंडनच्या प्रेक्षकाला डॉलर ठाऊक होता.

त्या दरीशी अमेरिकेचे आणखी एक नाते आहे. गेओर्ग आग्रिकोला हा विद्वान १५२७ पासून काही वर्षे योआखिम्सटालला गावचा वैद्य होता. खाणकामगारांना औषधे देता देता त्याने खाणी पाहिल्या आणि खनिजविद्येवर लॅटिनमध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. तो १५५६ मध्ये छापला गेला आणि दोनशे वर्षे खाणवाल्यांची पोथी होऊन बसला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९१२ मध्ये एका अमेरिकन खाण-इंजिनिअरने आणि त्याच्या लॅटिन जाणणाऱ्या पत्नीने केले. त्या इंजिनिअरचे नाव हर्बर्ट हूव्हर. डॉलरच्या जन्मगावाचा ग्रंथ ज्याने इंग्रजीत आणला, त्याच्याच अध्यक्षपदाच्या काळात १९२९ ची महामंदी यावी हा योगायोग म्हणायचा.

युरोपातली चांदी कमी पडू लागली तोवर स्पेनला अमेरिका खंडांत घबाड सापडले होते. आजच्या बोलिव्हियातला पोटोसीचा डोंगर १५४५ मध्ये हाती आला, मेक्सिकोतल्या झाकातेकासच्या खाणी १५४६ मध्ये. पोटोसीत तिथल्या मूळ रहिवाशांना पाळीपाळीने सक्तीने खाणीत उतरवले जाई. या चांदीची स्पेनने आठ रेआलची नाणी पाडली. ती आकारा-वजनाने टालरच्या जवळची होती, म्हणून इंग्रज त्यांना 'स्पॅनिश डॉलर' म्हणू लागले. सुटे पैसे कमी पडले की हे नाणे छिन्नीने तोडून आठ तुकडे करीत. त्यातला एक तुकडा म्हणजे एक बिट, आणि दोन बिट म्हणजे पाव डॉलर. अजूनही जुना अमेरिकन माणूस क्वार्टरला 'टू बिट्स' म्हणतो, जसे आपण पंचवीस पैशांना चार आणे म्हणत राहिलो. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला कायद्याने आणे गेले तरी तोंडातून गेले नाहीत. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १९९७ पर्यंत भाव डॉलरच्या आठव्या हिश्शात सांगत, ती याच आठ तुकड्यांची खूण.

अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत इंग्लंडची नाणी दुर्मिळ होती. व्यवहार चाले तो या स्पॅनिश डॉलरवर. स्वातंत्र्ययुद्धात काँग्रेसने १७७५ पासून कागदी नोटा काढल्या, त्याही 'स्पॅनिश डॉलर' देण्याच्या वचनाने. नोटा छापत गेले, चांदी नव्हतीच, आणि १७८१ पर्यंत त्या कागदाला रद्दीची किंमत आली. हात पोळल्यावर मंडळी शहाणी झाली. १७८५ मध्ये काँग्रेसने डॉलर हेच राष्ट्राचे चलन ठरवले आणि जेफर्सनच्या आग्रहाप्रमाणे त्याचे शंभर भाग करायचे ठरले. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने डॉलरमध्ये ३७१.२५ ग्रेन शुद्ध चांदी असावी असे नक्की झाले. बाजारातला स्पॅनिश डॉलर हेच त्याचे माप होते. खुद्द स्पॅनिश नाणे १८५७ पर्यंत अमेरिकेत कायदेशीर चलन होते. डॉलरची खूणही तिकडचीच. 'पेसो'चे अनेकवचन लिहिताना पी आणि एस एकमेकांवर चढवून लिहीत, त्यातून ती झाली असे बहुतेक अभ्यासक मानतात. युनायटेड स्टेट्सची आद्याक्षरे तिच्यात शोधणे ही हौस आहे, इतिहास नव्हे.

आता हे स्पॅनिश डॉलर अमेरिकेतच थांबले असते तर अण्णांच्या प्रश्नाशी आपला संबंध तिथेच संपला असता. पण ते आपल्या दारात येऊन गेले आहेत. युरोपच्या व्यापाऱ्यांना हिंदुस्थानचे कापड, नीळ आणि मसाले हवे असत आणि त्यांच्याकडे आपल्याला हवे असे चांदीवाचून फारसे काही नव्हते. इंग्रज आणि डच कंपन्या पेट्या भरभरून आठ रेआलची नाणी सुरतेला आणीत. मोगल राज्यात परकी नाणे चालत नसे. ते टाकसाळीत द्यायचे, वितळवायचे आणि बादशहाच्या छापाचे रुपये घ्यायचे. म्हणजे सतराव्या शतकात सुरतेच्या भट्टीत डॉलरचा रुपया अक्षरशः होत होता. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० मध्ये जी सुरत लुटली तिची श्रीमंती या व्यापारावर उभी होती. तेव्हा राजगडाकडे गेलेल्या रुप्यात थोडे पोटोसीच्या डोंगरातलेही असणार, असे म्हणायला हरकत नाही.

आणि उलट प्रवासही झाला आहे. हाँगकाँग आणि मलायाकडच्या व्यापारासाठी ब्रिटिशांना १८९५ पासून चांदीचे डॉलर हवे होते. ते मुख्यतः आपल्या मुंबईच्या टाकसाळीत पाडले गेले. एका बाजूला ब्रिटानियाची उभी आकृती, दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलाय लिपी, आणि मुंबईची खूण म्हणून बारीकसे 'बी' अक्षर. त्याच टाकसाळीत १९४०-४१ मध्ये टालरही पाडले गेले. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली, पण तिच्या मुद्रेच्या टालरवर येमेन, अरबस्तान, इथिओपिया इकडच्या लोकांचा एवढा भरवसा की पुढे दीडदोनशे वर्षे तेच साल आणि तोच चेहरा छापावा लागला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांना इथिओपियात सामान खरेदी करायला तेच नाणे हवे होते. नोटा तिथे कोणी घेईना. फोर्टातल्या आपल्या मराठी कामगारांनी ऑस्ट्रियाच्या मृत राणीचे टालर काढून दिले.

एवढी सामग्री जमवून मी १९७३ च्या डिसेंबरात पहिल्यांदा घरी गेलो. जाताना क्लीव्हलँडच्या एका जुन्या नाण्यांच्या दुकानातून १८९० च्या सुमाराचा चांदीचा एक डॉलर घेतला होता. अण्णांच्या हातावर तो ठेवला आणि म्हटले, "हा घ्या. हा तरी नक्की रुप्याचा आहे."

अण्णांनी तो फरशीवर वाजवून पाहिला. खणखणीत वाजला. मग फडताळातून आजीच्या गाठोड्यातला एक राणीछाप रुपया काढला, टोपी घातली आणि मला घेऊन सोनाराकडे निघाले. सोनाराने काट्यात आधी रुपया टाकला : झीज सोडली तर एक तोळा. डॉलर टाकला : दोन तोळे साडेतीन मासे. अण्णांनी खिशातून पेन्सिल काढली. मी ग्रेनचे आकडे सांगितले आणि आम्ही तिथेच, सोनाराच्या पाटावर, हिशेब मांडला. कंपनी सरकारने १८३५ मध्ये ठरवलेल्या रुपयात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. डॉलरमध्ये ३७१.२५. भागाकार करून पाहा वाचकहो, बाकी उरत नाही. एक डॉलर बरोबर सव्वादोन रुपये.

अण्णा म्हणाले, "काटा सव्वादोन म्हणतो. बँक साडेसात म्हणते. मग बाकीचे सव्वापाच रुपये कशाचे?"

मी त्यांना जमेल तसा इतिहास सांगितला. अमेरिकेने १८७३ मध्ये चांदीचा डॉलर कायद्यातून वगळला आणि ती सोन्याकडे वळली. जर्मनीही त्याच सुमारास सोन्याकडे गेली. नेव्हाडातून नवी चांदी येतच होती. चांदी घसरली आणि चांदीच्या रुपयाला घेऊन घसरली. १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या आणि पुढे रुपया पौंडाच्या दावणीला बांधला. तेव्हा डॉलर तीन रुपयांच्या किंचित वर होता. १९४७ मध्ये रुपया आणि डॉलर सारखेच होते असे आपण पुष्कळदा ऐकतो, पण ते खरे नाही. पौंडाला तेरा रुपये पाच आणे चार पै आणि पौंड ४.०३ डॉलरचा, म्हणजे डॉलर ३.३१ रुपयांचा होता. १९४९ मध्ये पौंड घसरला, त्याच्याबरोबर आपणही गेलो आणि डॉलर ४.७६ झाला. ६ जून १९६६ ला अवमूल्यन झाले आणि साडेसात आले.

"हे कधी घडले ते सांगितलेस," अण्णा म्हणाले. "कशाचे ते नाही सांगितलेस. डॉलर आज सोन्याचा तरी आहे का?"

नव्हता. त्यांचे पहिले पत्र आले त्याच उन्हाळ्यात, १५ ऑगस्ट १९७१ च्या रविवारी रात्री, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी टेलिव्हिजनवरून जाहीर केले होते की परदेशी सरकारांना औंसाला पस्तीस डॉलर या दराने सोने देणे आता बंद. आम्ही चारपाच मराठी मंडळी त्या दिवशी भारताच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त एका घरी श्रीखंड-पुरी खाऊन बसलो होतो. ते भाषण ऐकले आणि कोणीतरी चॅनेल बदलले. अण्णा सातारकडे बसून 'डॉलर कशाचा' असे विचारत होते आणि इकडे आमच्या डोळ्यांदेखत तो कशाचाच उरला नव्हता.

हे मी अण्णांना सांगितले. मला वाटले ते हसतील. ते बराच वेळ दोन्ही नाणी तळहातावर चाळवत राहिले. घरी आल्यावर त्यांनी पाणिनीची जीर्ण प्रत काढली आणि म्हणाले, "मी तुला चुकीचे लिहिले होते. रुपया रुप्याचा नव्हे. पाणिनी 'रूप्य' शब्द सांगतो तो 'आहत' या अर्थाने, ज्यावर रूप ठोकले आहे ते. छाप मारलेले ते रूप्य. त्या धातूला आपण रुपे म्हणू लागलो ते मागाहून. म्हणजे रुपया छापाचा. तुझा डॉलरही छापाचाच. तुझे बाकीचे सव्वापाच रुपयेही छापाचे. ज्याच्या छापावर लोकांचा भरवसा अधिक, त्याचे अधिक."

योआखिम्सटालला आज याखिमोव्ह म्हणतात. चांदी आटल्यावर तिथल्या खाणीतून निघणारा काळा दगड फेकून देत. त्याच दगडाच्या गाळातून क्यूरी पतिपत्नींनी १८९८ मध्ये रेडियम शोधले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली जर्मन वस्ती हाकलली गेली आणि कम्युनिस्ट राजवटीने सोव्हिएत बॉम्बच्या युरेनियमसाठी राजकीय कैद्यांना त्या खाणीत राबवले. आता ते आरोग्यस्नानाचे छोटे गाव आहे. २०१९ मध्ये त्या डोंगरपट्ट्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. गावात व्यवहार चेक कोरुनात होतो.

अण्णा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तो डॉलर आणि तो राणीछाप रुपया एका डबीत माझ्याकडे आहेत. डॉलरने ऐंशीचा टप्पा केव्हाच मागे टाकला, आणि मी गुणाकार करणे त्याच्याही आधी सोडले. मागच्या दिवाळीला नात ती दोन्ही नाणी हातात घेऊन विचारत होती, "आजोबा, यातले जास्त किमतीचे कुठले?" मी स्वयंपाकघरातला छोटा काटा आणला आणि तिला म्हटले, आधी वजन कर, मग बोलू.